वाया गेलेले पैलवान: एका होतकरू मल्लास पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. व्यावसायिक कुस्तीत ज्यांच्याकडे सर्व काही होते आणि तरीही जे शिखरावर पोहोचले नाहीत, अशा मल्लांची नावे कळवा, म्हणजे त्यांच्या चुका मला टाळता येतील, असे तू लिहिले आहेस. नावे देतो, परंतु त्यांच्या चुका शोधण्याची घाई करू नकोस, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातून चूक झालेलीच नव्हती.

तालमीत वाढलेल्या मुलाला ही गोष्ट पचायला जड जाते. मातीत पाठ टेकली की कुस्ती निकाली होते आणि कोण सरस हे साऱ्या मैदानाला तिथल्या तिथे दिसते. तू ज्या धंद्यात जाऊ पाहतोस तिथे निकाल आधी ठरलेला असतो. कोणाला विजेतेपदाचा पट्टा द्यायचा, कोणाला किती आठवडे पडद्यावर ठेवायचे आणि कोणाला दुसऱ्याच्या मोठेपणासाठी हरवायचे, हे बुकर, म्हणजे लढती आणि त्यांचे निकाल आखणारा माणूस, ठरवतो, मालक त्याला मान्यता देतो आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक आपला कौल देतो. त्यामुळे तिथे ज्याला एखाद्याची क्षमता म्हणतात, तो पुष्कळदा कार्यालयातल्या कोणीतरी त्याच्याविषयी बांधलेला अंदाज असतो. अंदाज फसला की खापर मल्लाच्या माथी फुटते आणि तो वाया गेला असे सांगितले जाते.

या अंदाजाचा सर्वांत बोलका नमुना टॉम मगी या कॅनडाच्या मल्लाचा आहे. १९८२ साली तो पॉवरलिफ्टिंगमध्ये जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी जगातील सर्वांत बलवान माणूस निवडणाऱ्या स्पर्धेत बिल कॅझमायरच्या पाठोपाठ दुसरा आला. धिप्पाड उंची, सोनेरी केस, कोरून काढल्यासारखे शरीर आणि एवढ्या वजनानिशी उलटी कोलांटी मारण्याची लवचीकता त्याच्याकडे होती. ७ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीने, त्याची चाचणीची लढत ब्रेट हार्टबरोबर लावली. मगी जिंकला, प्रेक्षक खूश झाले आणि त्या काळचा सर्वांत मोठा तारा असलेल्या हल्क होगनचा वारस आपल्याला सापडला अशी मालक विन्स मॅकमहन यांची खात्री पटली. पुढे प्रतिस्पर्धी बदलले आणि मगी अवघडल्यासारखा, लाकडी वाटू लागला. काही वर्षांतच तो या क्षेत्रातून बाहेर पडला. रॉचेस्टरची ती लढत वस्तुतः हार्टने एकट्याने उभी केली होती. समोरच्याला कुठे न्यायचे, आपण कधी पडायचे आणि पडल्यावर किती वेळ पडून राहायचे, हे सगळे त्याच्या हिशेबात होते. त्या रात्री ज्याच्यात भविष्य दिसायला हवे होते तो हरलेला मल्ल होता, आणि त्याला मुख्य पट्टा मिळायला १९९२ साल उजाडावे लागले. हरवलेली समजली जाणारी त्या लढतीची चित्रफीत २०१९ साली सापडली आणि प्रसारितही झाली. ती जरूर पाहा, परंतु मगीवर नजर न ठेवता हार्टचे पाय कुठे पडतात आणि फटका बसण्याच्या क्षणी त्याची मान कशी असते, हे पाहा. नव्वदीच्या दशकात आपल्याकडची मुले ज्या ट्रम्प कार्डांनी खेळत असत, त्यांवर उंची, वजन, छाती आणि दंडाचा घेर छापलेला असे. पडण्याच्या कौशल्याचा रकाना त्यांवर नव्हता, आणि मॅकमहन यांनीही त्या रात्री मगीला त्याच रकान्यांनी मोजले असे मला वाटते.

त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १४ ऑक्टोबर १९८६ रोजी, उत्तर कॅरोलायनातील शार्लट शहरात टेरी ॲलन याची मोटार पावसात घसरून खांबावर आदळली. मॅग्नम टी. ए. या नावाने तो लढत असे. आदल्या वर्षी ग्रीन्सबरो येथे पोलादी पिंजऱ्यात टली ब्लँचर्डला शरण यायला लावून त्याने युनायटेड स्टेट्स विजेतेपद मिळवले होते, निकिता कोलॉफबरोबरच्या सात लढतींच्या मालिकेने त्याचा उन्हाळा गाजला होता आणि रिक फ्लेअरकडून जागतिक पट्टा घेण्यासाठी त्याचीच तयारी चालली होती. अपघातात मानेचे मणके चुरले गेले, शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. तो पुढे चालू लागला, हेच पुष्कळ झाले. नोव्हेंबरमध्ये फ्लेअरसमोर त्याच्या जागी कोलॉफ उभा राहिला. या माणसाकडून शिकण्यासारखी चूक कोणती, हे मला तरी सांगता येणार नाही. अशा उदाहरणांतून ओढूनताणून धडे काढणारे लेखक मला आवडत नाहीत.

केरी व्हॉन एरिकचे मात्र तसे नाही, आणि त्याच्याविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. टेक्सासमध्ये मल्लांच्या या घराण्याला जे प्रेम मिळाले ते क्वचितच कोणाला मिळाले असेल. ६ मे १९८४ रोजी टेक्सास स्टेडियममध्ये केरीने फ्लेअरला हरवून जागतिक पट्टा जिंकला. अवघ्या १८ दिवसांनी जपानमध्ये तो पट्टा परत फ्लेअरकडे गेला. केरी जिंकण्याच्या तीन महिन्यांपूर्वीच त्याचा भाऊ डेव्हिड टोकियोत मरण पावला होता आणि हा पट्टा मुळात डेव्हिडसाठी योजला होता असे मानणारे बरेच आहेत. जून १९८६ मध्ये केरीच्या मोटरसायकलला अपघात झाला. पाय भरून येण्याआधीच त्यावर भार पडला, आणि अखेरीस पाऊल कापावे लागले. त्याने ही गोष्ट लपवली. बुटाच्या आत कृत्रिम पाऊल बसवून तो वर्षानुवर्षे लढला आणि सोबतच्या अनेक मल्लांनाही त्याचा पत्ता लागू दिला नाही. १९९० साली डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये येऊन त्याने कर्ट हेनिगला हरवले आणि इंटरकॉन्टिनेंटल हा तिथला दुय्यम पट्टाही मिळवला, तो याच स्थितीत. या पराक्रमाचे कौतुक वाटते आणि त्याच वेळी संतापही येतो, कारण त्या लपवण्याची किंमत त्याने वेदनाशामक औषधांच्या व्यसनात मोजली, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपवले. लंगडणाऱ्या मल्लाची जागा दुसरा घेईल ही भीती तुलाही वाटणार आहे. तरीही दुखापत झाली की त्याच दिवशी प्रशिक्षकाला सांग. आणि ती ऐकून घेण्याची ज्याची तयारी नसेल, त्याच्या आखाड्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस. या बाबतीत माझे म्हणणे सल्ला समजू नकोस, आज्ञा समज.

लेक्स लुगरविषयी फार लिहीत नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात त्याला बसमध्ये बसवून अमेरिकाभर फिरवले, तेव्हाचा विजेता योकोझुना याच्यासमोर उभे केले आणि पट्टा न देताच विजयाचा जल्लोष करायला लावला. तो गोंधळ बुकिंगचा, म्हणजे निकाल आखणाऱ्यांचा होता.

खरा गुंता सेझारोच्या बाबतीत आहे. स्वित्झर्लंडचा हा मल्ल कोणत्याही प्रतिस्पर्ध्याकडून चांगली लढत काढून घेत असे. एप्रिल २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, त्याने बिग शो या महाकाय मल्लाला उचलून दोराबाहेर टाकले आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी पॉल हेमनसारखा वक्ता त्याला व्यवस्थापक म्हणून मिळाला. परंतु हेमन बोलत राहिला तो रेसलमेनियातील अंडरटेकरच्या विजयांची मालिका नुकतीच खंडित करणाऱ्या ब्रॉक लेस्नरविषयी. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मॅकमहन यांनी एका जाहीर मुलाखतीत सांगितले की सेझारोचे प्रेक्षकांशी नाते जुळत नाही. ज्याला बोलण्याची संधीच दिली नाही त्याच्यावर हा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तथापि माइक हातात आल्यावर तो खरोखरच फिका पडत असे, हेही मी नाकारणार नाही. २०२२ साली त्याने डब्ल्यूडब्ल्यूई सोडली, क्लाउडिओ कास्टान्योली या आपल्या खऱ्या नावाने तो दुसरीकडे उभा राहिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रिंग ऑफ ऑनर या कुस्ती संस्थेचा जागतिक विजेता झाला. म्हणून आरशासमोर प्रोमो, म्हणजे माइकवरून प्रतिस्पर्ध्याला आव्हान देणारे भाषण, म्हणण्याचा सराव आजपासून कर, आधी मराठीत, मग हिंदीत आणि नंतर इंग्रजीत. ज्या भाषेत तुला राग येतो त्या भाषेत आधी बोलता आले पाहिजे. उरलेल्या भाषा मागून येतात.

शेवटचे नाव मोहम्मद हसन. मार्क कोपानी हा इटालियन वंशाचा अमेरिकन तरुण अरब-अमेरिकन माणसाचे पात्र रंगवत असे. दहशतवादी हल्ल्यासारखा एक प्रसंग ४ जुलै २००५ रोजी चित्रित झाला आणि ७ जुलैला, म्हणजे लंडनच्या बॉम्बस्फोटांच्याच दिवशी, प्रसारित झाला. प्रसंग लिहिला दुसऱ्यांनी, पडद्यावरून मात्र हा गेला. त्याच महिन्यात अंडरटेकरकडून त्याचा पराभव दाखवला गेला आणि वयाची चोवीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याचे तिथले काम संपले. पुढे त्याने शिक्षणाची वाट धरली आणि तो शाळेचा मुख्याध्यापक झाला. डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या मल्लांना नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते, त्यामुळे पात्र बंद पडले की माणसाजवळ स्वतःचे जे असेल तेवढेच उरते. तू बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसणार नाहीस असे तुझ्या आईकडून कळले. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत अद्याप संपली नसेल तर आधी तो भर आणि मला कळव. प्रशिक्षणाचे शुल्क, राहण्याची सोय आणि विमा यांविषयी त्यानंतर बोलू.

तुझा शुभचिंतक