दहावीत शाळा बुडवून फक्त क्लासला गेलं तर चालतं का?

नाही. राज्य मंडळाच्या दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते. मी दहावीचा वर्गशिक्षक आहे. जानेवारीत हजेरीपट उघडला की पालकांची धावपळ सुरू होते. खरं आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून मुख्याध्यापकांमार्फत सवलत मागता येते, ‘क्लासची वेळ होती’ हे कारण टिकत नाही. त्याहून मोठी अडचण गुणांची आहे. विज्ञानात आणि भाषांमध्ये प्रत्येकी 100 पैकी 20 गुण लेखी परीक्षेबाहेरचे: प्रात्यक्षिक, तोंडी, वह्या. गाइडवरून उतरवलेलं जर्नल तर पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. निळा लिटमस आम्लात कसा होतो विचारलं की मुलगा शेजाऱ्याकडे बघतो. मात्र काम किंवा घरच्या जबाबदारीमुळे शाळा खरंच जमत नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधीच संपते.