गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक गाडी आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना, तसेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दाबताना, पुढच्या बाजूने ‘ठक्’ असा आवाज येतो. गिअर मात्र सहज पडतात. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे गॅरेजवाले म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आवाज नेमका केव्हा येतो, हे आपण नीट टिपले आहे आणि निदानाला त्याचाच खरा उपयोग होतो. एवढ्या लक्षणावरून गिअरबॉक्स उतरवायला संमती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लच सोडताच इंजिनाचा जोर एका दिशेला पडतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच तो उलटतो. अशा वेळी इंजिन व गिअरबॉक्स धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचे रबर फाटलेले असेल, तर ते सगळे वजन झोका खाऊन लोखंडावर लोखंड आदळते. मोकळ्या जागी, हँडब्रेक व पायाचा ब्रेक पक्का दाबून, बॉनेट उघडे ठेवून अनुभवी मेकॅनिकला आधी पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगावे. आपण गाडीच्या पुढे किंवा मागे नव्हे, बाजूला उभे राहून पाहावे. इंजिन थोडे हलणारच. पण ते उसळून ठोका देत असेल, तर दोष बहुधा माउंटिंगचाच. खालचे माउंटिंग वरून दिसत नाही, त्यासाठी गाडी लिफ्टवर घ्यावी लागते.

लिफ्टवर असतानाच दोन्ही ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर चाकांपर्यंत नेणारे दांडे, हाताने पिळून पाहावेत. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरत राहणारे सांधे असतात. त्यांतल्या गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये जास्त ढिलाई असेल, तरी असाच ठोका ऐकू येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘कट-कट’ होत असेल, तर चाकाकडचा जॉइंट झिजला आहे असे समजावे. त्याचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटले की आतले ग्रीस उडून जाते आणि पावसाळ्यात सर्व्हिस रोडवरच्या साचलेल्या पाण्यातला चिखल आत शिरतो. हे काम मुळीच लांबवू नये, कारण जॉइंट तुटला तर गाडी भर रस्त्यात जागीच अडते.

गतिरोधकावरून जाताना, क्लच दाबलेला असूनही खटखट येत असेल, तर सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांना धरून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे भाग (लिंक रॉड, बॉल जॉइंट व लोअर आर्मचे बुश) तपासावेत.

गिअर आपोआप निसटत असेल, वेगाबरोबर घरघर वाढत असेल किंवा काढलेल्या गिअर ऑइलमध्ये धातूचे तुकडे सापडले, तरच गिअरबॉक्स उघडावा. ऑइलच्या बोल्टवरील चुंबकाला चिकटलेला बारीक करडा लेप मात्र नेहमीच्या झिजेचा असतो. तो दाखवून कोणी घाबरवले, तर तुकडे कुठे आहेत ते विचारावे.