वाचकांचे प्रश्न: बोलणं गेलं, गाणं राहिलं

गेल्या अंकात या पानावर मी लिहिलं होतं की बाबांना अर्धांगवायू झाला, बोलणं गेलं, आणि म्हणून वर्षभर बाहेरचे कार्यक्रम मी जवळजवळ बंदच ठेवले, घरी बसून फक्त काही पदांना चाली लावल्या. ते वाचून खूप जणांनी लिहिलं, काहींनी स्वतःच्या घरातलं सांगितलं, एकदोन जणांनी तर फारच आतलं सांगितलं. म्हणून या वेळी रागदारीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि यांनाच उत्तर देते.

साखळीहून एक वाचक विचारतात: ताई, कलाकाराचं एक वर्ष असं घरात गेलं म्हणजे वाया गेलं असं वाटत नाही का? लोक विसरतात.

विसरतात, ते खरं आहे. डिसेंबर ते मे हा आमचा जत्रांचा सीझन, तेव्हा फोन आले नाहीत की कळतं. पैशाचंही कळतं. पण वाया गेलं असं मला नाही वाटत, आणि हे मी मन समजवायला म्हणत नाहीये.

बघा, मी मूळची साथ करणारी. पेटीवाल्याचं काम म्हणजे समोरच्याचा श्वास ऐकायचा आणि त्याच्या मागून जायचं, पुढे नाही. हे मी बाबांकडूनच शिकले, ते आमच्या गावच्या भजनी मंडळात आयुष्यभर गायले आणि मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून त्यांच्या मागे पेटी धरून बसायचे. आजारपणानंतर त्यांचा आवाज खाली उतरला, आधी पांढरी चार या उंच पट्टीत आरामात गायचे ते आता काळी एकसारख्या खालच्या पट्टीतसुद्धा तार सप्तकाला, म्हणजे वरच्या सुरांना, हात लावत नाहीत, चार-पाच सुरांच्या पलीकडे गेलं की श्वास तुटतो आणि ते वैतागून मान फिरवतात. मग मी काय केलं, त्यांना जेवढे सूर आहेत तेवढ्यातच चाली लावायच्या असं ठरवलं. बांद्याच्या संतकवी सोहिरोबानाथांची पदं घेतली, कारण ती त्यांना तोंडपाठ आहेत, शब्दांसाठी त्यांना झगडावं लागत नाही. मध्यमाच्या वर जायचं नाही, तान नाही, ओळ एका श्वासात संपली पाहिजे आणि धृपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, पकडायला सोपं पाहिजे.

इतकी बंधनं घालून मी कधी चाल लावली नव्हती. पहिले काही दिवस सगळं एकसारखंच यायला लागलं, शाळेच्या प्रार्थनेसारखं. मग लक्षात आलं की वर जायला मिळत नसेल तर लयीत खेळता येतं, शब्द मात्रेच्या थोडा आधी घेतला की उशिरा घेतला यात केवढं तरी आहे, आणि धृपदाला येताना एक अर्धी मात्रा थांबलं की ऐकणारा आपोआप तोंड उघडतो. एका पदात मी फक्त सा, कोमल रे, कोमल ग आणि मध्यम एवढेच सूर वापरलेत, खाली फक्त कोमल निषादाला एकदा जाऊन येते, आणि माझ्या मते मी आजवर केलेल्यातली ती सगळ्यात चांगली चाल आहे. हे स्पष्टच सांगते.

पुढची गंमत म्हणजे आमच्या महिला मंडळाने ती उचलली. आमच्यात साठीच्या पुढच्या बायका आहेत, दम लागतो, स्पर्धेच्या चालींना त्या नुसत्या टाळ्या वाजवत बसायच्या. कला अकादमीच्या भजन स्पर्धेने गोव्यातलं भजन टिकवलं, मंडळं घडवली, याबद्दल मला आदरच आहे, पण स्पर्धेसाठी बसवलेलं भजन आणि देवळात बसलेल्या माणसांनी मिळून म्हणायचं भजन यात आता फार अंतर पडलंय, गायक गातो आणि बाकीचे ऐकतात. बाबांच्या आवाजाच्या मापाने केलेल्या चाली सगळ्यांच्या गळ्यात बसल्या. यापेक्षा जास्त मला एका वर्षाकडून काही नको होतं.

पेडण्याहून एक वाचक लिहितात: सासूबाईंना स्ट्रोक आला, एक शब्द बोलता येत नाही, पण संध्याकाळी दिवा लावला की आरती पूर्ण म्हणतात. शेजारी म्हणतात देवाची कृपा, मुलगा म्हणतो मेंदूचा भाग आहे. तुम्ही काय म्हणाल?

तुमचं पत्र वाचताना मला आमचंच घर दिसलं.

आधी मेंदूचं सांगते, कारण ते कळलं की धीर येतो. बोलणं घडवणारा भाग बहुतेक लोकांत मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, तिथे रक्तपुरवठा बंद झाला की उजवं अंग आणि बोलणं दोन्ही एकदम जाऊ शकतं. अशा वेळी पुष्कळदा माणसाला बरंचसं कळत असतं, शब्द जुळवून बाहेर काढता येत नाही. पण आकडे मोजणं, शिव्या, प्रार्थना, लहानपणापासूनची गाणी, हे जे आपण जुळवून बोलत नाही तर तोंडातून आपोआप येतं ते पुष्कळदा वाचतं. ही गोष्ट नवीनही नाही. 1745 साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन यांनी अशाच एका माणसाबद्दल लिहून ठेवलंय, उजवं अंग लुळं, बोलणं बंद, पण कोणी सोबत सुरुवात करून दिली की चर्चमधली स्तोत्रं म्हणायचा. मला हे आमच्या स्पीच थेरपिस्टने सांगितलं तेव्हा मी रडले, एवढ्या लांबचा, एवढ्या जुन्या काळातला तो माणूस आणि खोलीत कॉटवर बसलेले माझे बाबा.

मात्र एक लक्षात घ्या, आरती येते म्हणजे बोलणं आपोआप परत येणार असं नाही. आरती हा दरवाजा आहे, त्यातून पुढे न्यायला शिस्तीने मेहनत घ्यावी लागते. 1973 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी एक पद्धत मांडली, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. रोज लागणारं छोटं वाक्य दोन सुरांवर गायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका द्यायचा, आधी दोघांनी मिळून, मग अर्ध्यावर आपण गप्प व्हायचं, मग त्यांनी एकट्याने, आणि हळूहळू गाणं काढून घेत साध्या बोलण्याकडे यायचं. हे नेमकं का काम करतं, उजवा मेंदू मदत करतो की लयीमुळे होतं, यावर जाणकारांत अजून चर्चा चालू आहे. सगळ्यांना उपयोग होतो असंही नाही, ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांना जास्त होतो. म्हणून स्वतःहून सुरू करू नका, सासूबाईंना आधी थेरपिस्टला दाखवा.

आमच्याकडे पहिलं वाक्य होतं ‘उदक जाय’, म्हणजे पाणी पाहिजे. घरात कोंकणी, भजन मराठीत, तर भजनातले शब्द यायचे आणि पाणी मागता यायचं नाही, आई दिवसभर तोंडाकडे बघून अंदाज करायची. थेरपिस्ट म्हणाली वरचा सूर आणि खालचा सूर, काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्यांचं अंतर ठेवा, मी पेटीवर बघितलं तर ते सरळ सा आणि कोमल गंधार. ‘उदक’ गंधारावर, ‘जाय’ षड्जावर. मी समोर बसायचे, त्यांचा डावा हात माझ्या हातात, खुर्चीच्या लाकडी हातावर ठोके. उ. दक. जाय. रोज सकाळी पेजेच्या आधी आणि रात्री. कितीतरी दिवस ते नुसते हसायचे किंवा चिडून हात सोडवून घ्यायचे, चिडले की एक शिवी मात्र स्वच्छ यायची. आणि मग एक दिवस मी क्लासच्या मुलांना शिकवत बाहेरच्या खोलीत होते, आतून खुर्चीवर ठोके ऐकू आले, आणि त्याच दोन सुरांवर, थोडं बेसूर, उ-दक-जाय. आई तांब्या घेऊन धावली. मुलं बघत राहिली, मला पुढचा अलंकारच सुचेना.

आता देवाची कृपा का मेंदू. मला हे दोन वेगळे करावेसे वाटत नाहीत. बाबांनी पन्नास-साठ वर्षं रोज नामस्मरण केलं, ते शब्द इतके खोल गेले की बाकी सगळं गेलं तरी ते गेले नाहीत. डॉक्टर त्याला सवयीचं बोलणं म्हणतात, मी त्याला त्यांची कमाई म्हणते, दोघांचंही खरं आहे. मुलाला रागावू नका, त्याला थेरपीचा हात धरायला बसवा. शेजाऱ्यांनाही काही म्हणू नका.

आणि सगळ्यांसाठीच, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं यातलं काहीही अचानक दिसलं तर तेल चोळत, अंगारा लावत थांबू नका, लगेच 108. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्याच्या आधी सीटी स्कॅन करावा लागतो, म्हणजे हाताशी वेळ खूप कमी असतो. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना सांगा, ते फार महत्त्वाचं.

म्हापशाहून: पावसात पेटीच्या पट्ट्या चिकटतात, काय करावं?

लाकूड फुगतं, आपल्याकडे होणारच. पेटी बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, रोज दहा-पंधरा मिनिटं वाजवा, भाता हलला की आत हवा खेळते. कपाटात छोटा बल्ब लावून ठेवला तरी फरक पडतो. तेल बिलकुल सोडू नका आणि उन्हात वाळत घालू नका, लाकूड तडकतं. सूर उतरले असतील तर कारागिराकडेच द्या, पितळी पाती घरी घासायच्या नसतात.

वास्कोहून एक आजी विचारतात: एवढं सोसल्यावर बाय तुझी श्रद्धा वाढली की कमी झाली?

आजी, तुम्ही वास्कोच्या, तुम्हाला दामोदराचा सप्ताह सांगायला नको. शंभर वर्षांहून जास्त झाली, गावात साथ आली तेव्हा लोकांनी झांबावलीच्या दामोदराला गाऱ्हाणं घातलं, श्रीफळ आणलं, आणि तेव्हापासून श्रावणात चोवीस तास भजन, एक क्षणही थांबू द्यायचं नाही. एक मंडळ उठायच्या आत दुसरं बसलेलं असतं. आमच्या देवळातही पाळी असते, बाबांची पाळी ठरलेली, पहाटे दोनची, जी कोणालाच नको असते ती.

या वर्षी आमच्या घरात तसंच झालं. रात्री आई, पहाटे मी, दुपारी मुलगी शाळेतून आली की ती, नवरा कामावरून आला की आंघोळ घालायला तो. भाऊ दुबईला, तो रोज रात्री व्हिडिओ कॉल करून एक अभंग सुरू करायचा आणि बाबा तो पूर्ण करायचे. मंडळातले लोक आळीपाळीने येऊन बसायचे, कोणी काही विचारायचं नाही, टाळ काढायचे आणि सुरू. सुरुवातीचे दोन-तीन महिने माझ्या तोंडून देवाचं नाव निघायचं नाही, खरंच सांगते, राग होता, ज्या माणसाने आयुष्यभर तुझं नाव घेतलं त्याचीच जीभ का. पण मी थांबले तरी बाकीचे थांबले नव्हते, माझी पाळी कोणीतरी घेत होतं. नंतर मी परत बसले. वाढली की कमी झाली ते मला मोजता येत नाही, आधी माझी श्रद्धा माझ्या एकटीची होती, आता ती सगळ्यांच्या सोबतीची आहे एवढं कळतं. श्रावणात बाबांची पहाटे दोनची पाळी मंडळाने दुसऱ्या कोणाला दिली नाही, त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं, ते धृपदापुरतं गायले.

डिचोलीहून एक आई: मुलगी आठवीत, चवथीला घुमट (मडक्याला चामडं लावलेलं वाद्य) वाजवायचं म्हणते, घरातले म्हणतात ते मुलग्यांचं. आणि चामडं कुठलं घ्यायचं?

वाजवू दे. आता मुलींची, बायकांची घुमट आरतीची पथकं किती आहेत बघा. माझी मुलगी या चवथीला पहिल्यांदा आरतीला घुमट घेऊन बसली, माटोळीखाली (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची सजावट), शेजारी एक जण शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) घेऊन आणि बाबा डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. चार-पाच आरत्या झाल्यावर तिचा पंजा लाल झाला तरी सोडायला तयार नाही.

2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, पण घोरपड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, ते विकत घेणं हा गुन्हा आहे, कोणी आडून देतो म्हटलं तरी घेऊ नका. बकऱ्याचं लावलेलं घ्या, आवाज चांगला येतो. मुलीच्या हाताला पेलेल असं लहान मडकं बघा, डावा तळवा मागच्या तोंडावर पूर्ण बसला पाहिजे, कारण तो उघडझाप करूनच घुमारा निघतो, मोठं घेतलं तर तिला नुसता थाप मारल्याचा आवाज येईल आणि ती कंटाळेल. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, आरतीच्या आधी थोडा वेळ उन्हाची किंवा लांबून विस्तवाची ऊब द्या. आणि चवथीच्या आदल्या दिवशी आणू नका, आतापासून आणा, हात बसायला वेळ लागतो.