ठिपक्याची त्रिज्या

प्रश्न : न्यूट्रॉन तारा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंद असतो म्हणतात. शेकडो प्रकाशवर्षांवरून त्याचा आकार मोजतात कसा? जोडीला दुसरा तारा नसेल तर काय करतात?

उत्तर : नेमकी अडचण हेरलीत. जोडतारा असला की कक्षेवरून वस्तुमान हाती लागतं. एकांड्या ताऱ्याला ती सोय नाही. दुर्बीण कितीही मोठी घ्या, दिसणार ठिपकाच. मग त्याची धग मोजायची. तापमान कळलं की पृष्ठभागाचा एक चौरस मीटर किती ऊर्जा फेकतो हे गणिताने निघतं. आपल्यापर्यंत किती पोचते ते मोजायचं, अंतर घालायचं, की क्षेत्रफळ आलं आणि त्यावरून त्रिज्या.

हे झालं कागदावर. दक्षिण मुकुट या तारकासमूहातल्या आरएक्स जे१८५६ने मात्र सगळ्यांचा घाम काढला. रोसाट उपग्रहाला क्ष-किरणांत दिसलेला हा तारा १९९६ साली न्यूट्रॉन तारा म्हणून ओळखला गेला. तापमान सुमारे सात लाख केल्विन, पण दृश्य प्रकाशात इतका मंद की पराशयासाठी (पृथ्वी फिरते तसा तारा किती सरकलेला दिसतो, त्यावरून अंतर काढतात) हबल अवकाश दुर्बिणीलाच साकडं घालावं लागलं. आधी अंतर आलं २०० प्रकाशवर्षं, मग दुरुस्तीत जवळपास दुप्पट. अंतर दुप्पट झालं की त्रिज्याही दुप्पट होते!

२००२ मध्ये 'चंद्रा' दुर्बिणीच्या मोजणीवरून व्यास ११ किलोमीटरच्या आसपास निघाला आणि न्यूट्रॉन ताऱ्यासाठी हे फारच लहान, म्हणून हा क्वार्क तारा (न्यूट्रॉनही फुटून आतल्या क्वार्क कणांचा बनलेला) असावा अशी बातमी झाली. मीही ती हौसेने वहीत उतरवली. आता त्या ओळीवर काट आहे. दृश्य प्रकाश क्ष-किरणांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त येत होता, म्हणजे पृष्ठभाग सगळीकडे सारखा तापलेला नव्हता; क्ष-किरणांत दिसला तो बहुधा जास्त तापलेला डागच. एका टोकाला तापवलेली सळई अंधारात पाहा. लाल टोक तेवढं दिसतं. त्यावरून सळईची लांबी सांगाल तर फसाल.

पुढे या तापलेल्या डागांचाच उपयोग झाला. जे००३० हाही एकांडा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला २०५ फेऱ्या मारणारा. डाग मागे गेला तरी गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकून थोडा दिसतच राहतो. किती दिसतो, हे वस्तुमान आणि त्रिज्येच्या गुणोत्तरावर ठरतं. अंतराळ स्थानकावरच्या 'नाइसर' या क्ष-किरण दुर्बिणीच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हिशेब केला : त्रिज्या १३ किलोमीटरच्या आसपास, वस्तुमान सूर्याच्या १.३ ते १.४ पट. पुस्तकांतल्या चित्रांत डाग समोरासमोरच्या ध्रुवांवर काढलेले असतात. इथे मात्र दोन्ही गटांना ते एकाच गोलार्धात सापडले.