पिरवाडीला निघण्याआधी

पहिल्यांदाच नेरुळहून दहा-बारा जणांना घेऊन उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर निघताय, तर जेवणाच्या यादीआधी पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा आपल्या कोळीबांधवांचा जुना हिशोब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती असते आणि पाणीही जास्त वर चढतं. वाळूवर काड्या-शिंपल्यांची रेघ दिसेल, ती मागच्या भरतीची. चटई तिच्या बरीच वर टाका. ओहोटीत पाणी आत ओढतं, मुलांना घोट्यापर्यंतच जाऊ द्या. पावसाळ्यात तर पाण्यात नकोच.

2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, पुढे रिक्षा. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा.

खाणं स्टीलच्या डब्यांतच न्या. थालीपीठ, दही, उकडलेली अंडी, केळी. कागदी प्लेटा वाऱ्याने उडतात आणि मग मागे धावायला कुणी उठत नाही, हे मी दरवेळी बघते. एक रिकामं तांदळाचं पोतं कचऱ्यासाठी न्याच. अंड्याची टरफलं, सालीसुद्धा त्यातच. निघताना सगळ्यांनी एकदा वाकून चटईखालची जागा बघायची. चॉकलेटचे चिटोरे आणि बाटल्यांची झाकणं तिथेच वाळूत दबलेली सापडतात.

पायाची वाळू झटकायला टाल्कम पावडर ठेवा, चटकन सुटते.