‘बफर फुल’ आणि ईएलएम ३२७ची मर्यादा

गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) लावलेलं ईएलएम ३२७चं ब्लूटूथ डोंगल आरपीएम आणि कूलंटचं तापमान नीट दाखवतं, पण बसवरचे (गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिट जोडणाऱ्या सामायिक तारांवरचे) सगळे मेसेज ऐकायला लावलं की लगेच ‘बफर फुल’ (तात्पुरती साठवण भरली) येऊन थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. कृपया तसलंच दुसरं डोंगल आणू नका, पैसे फुकट जातील.

ईएलएम ३२७ ही चिप मुळात प्रश्न विचारून उत्तर घेण्यासाठी आहे. नुसतं ऐकत बसायचं तर एका बाजूने कॅनचा, म्हणजे गाडीतल्या या बसचा, डेटा ५०० केबीपीएसने येत राहतो, आणि दुसऱ्या बाजूला तिचा नेहमीचा सिरियल वेग ३८,४०० बॉड. त्यातही प्रत्येक बाइट अक्षरांत लिहून पाठवायचा. तुंबणारच. (डोंगलवर ‘१.५’ छापलंय ना? ती आवृत्ती मूळ कंपनी एल्म इलेक्ट्रॉनिक्सने कधी काढलीच नाही, म्हणजे चिप नक्कल आहे.)

बफर भरतोय ही मात्र चांगली खूण आहे. काही नव्या गाड्यांत पोर्टच्या मागे गेटवे (मेसेज अडवणारं युनिट) असतो आणि विचारल्याशिवाय काहीच बाहेर येत नाही. तुमच्या पोर्टवर वाहतूक आहे.

लॅपटॉपवर लिनक्स आहे, तर कॅनेबल हा यूएसबी-कॅन अडॅप्टर घ्या. त्यात कँडललाइट फर्मवेअर असलं की सॉकेटकॅनमध्ये (लिनक्समधल्या कॅनच्या सोयीत) तो सरळ नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसतो. पीक किंवा क्वासर या कंपन्यांची उपकरणं उत्तमच, पण हौसेपुरत्या कामाला एवढा खर्च नको.

जोडणी सांभाळून करा. ओबीडी पोर्टवर पिन ६ कॅन हाय, १४ कॅन लो, ५ सिग्नल ग्राउंड. १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट चावी काढली तरी असतात, तिला वायर लावूच नका. जोडण्याआधी इग्निशन बंद करून गाडी पूर्ण झोपू द्या (तिची युनिट बंद होईपर्यंत थांबा) आणि मल्टिमीटरने ६ आणि १४ मधला रोध मोजा. साधारण ६० ओहम आला, म्हणजे बसच्या दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. मग अडॅप्टरवरचा १२० ओहमचा जंपर काढलाच पाहिजे. तो राहिला तर रोध ४० वर उतरतो.

पहिल्यांदा लिसन-ओन्ली (फक्त ऐकायचं, काही पाठवायचं नाही) मोडमध्येच चालू करा, हे मी फार कळकळीने सांगतोय. साध्या मोडमध्ये बिटरेट (बसचा वेग) चुकला तर अडॅप्टर एरर फ्रेम सोडून चांगले मेसेजही मोडतो आणि डॅशबोर्डवर दिवे लागू शकतात.

मेसेज दिसू लागले की गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला ठेवून कॅनस्निफर (बदलणारे बाइट दाखवणारा लिनक्सचा प्रोग्राम) लावा. ब्रेकचं पेडल दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दर वेळी जो बाइट बदलतो, त्याच्या मेसेजचा आयडी लिहून ठेवा आणि मग इंडिकेटरकडे वळा.