वाचक विचारतात : हसवणारी भुतं आणि गुलाबी रक्त

प्रश्न : ‘झपाटलेला’ कितव्यांदाही पाहिला तरी मजा येते. मुद्दाम टुकार बनवलेले भुताचे विनोदी सिनेमे मात्र वीस मिनिटांत नकोसे होतात. असं का? (धरमपेठ)

उत्तर : ‘मुद्दाम’ म्हणालात ना, गोम तिथेच आहे. ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू बाहुला आहे हे आपल्याला कायम दिसत असतं, पण लक्ष्याची घाबरगुंडी खरीच असते. हसू येतं ते या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून. नटानेच ‘बघा, किती फालतू आहे’ असा चेहरा केला की ती फट बुजते. एड वूडच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये थडगी हलताना दिसतात, तरी पडद्यावरचे सगळे गंभीर, म्हणून तो सिनेमा टिकला. पैसा कमी असला तरी चालतं. मन लावलेलं नसलं तर पाचव्या मिनिटाला कळतं.

प्रश्न : हॉस्टेलची पोरं मिळून आठ मिनिटांची भूतफिल्म करतोय. रक्त म्हणून रुह अफजा वापरलं, मोबाईलवर ते सरबतच दिसतं. शर्टही वाया गेला. (हिंगणा रोड)

उत्तर : ते दिसणारच. सरबत पातळ आणि पारदर्शक असतं. पांढऱ्या कापडावर त्याचा थर बारीक बसतो, खालचा पांढरा रंग वर येतो आणि सगळं गुलाबी होतं. केकचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज आणा, इतवारीत सुटंही मिळेल. अर्धा किलो ग्लुकोजमध्ये १०० मिली कोमट पाणी मिसळा आणि खाण्याचा लाल रंग दोन चमचे घाला. मग एक चमचा कोको पावडर थोड्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून त्यात ओता. रक्ताला अंग येतं ते कोकोमुळे. शेवटी निळ्या रंगाचे तीन-चार थेंब, एकेक करून. पाचवा पडला की रक्ताचं जांभूळ सरबत होतं.

शूटिंगच्या आधी त्याच कापडावर, त्याच दिव्याखाली आणि त्याच मोबाईलने चाचणी घ्या. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर शॉट चालू असतानाच रक्ताचा रंग बदलतो. शर्ट एकसारखे दोन हवेत, तीन असले तर उत्तम. नाहीतर पहिला टेक हाच शेवटचा. कातडीवर आधी खोबरेल चोळून कोरड्या फडक्याने टिपून घ्या. तेल जास्त राहिलं तर रक्ताचे मणी होऊन घरंगळतात, अजिबात नसलं तर तळवे दोन दिवस लाल.

आता चिळकांडी. त्यासाठी ५० मिलीची सिरिंज आणि फिशटँकची हवेची नळी घ्या. सलाइनची नळी अरुंद, तिच्यातून पाक सरकत नाही. नळीसाठीचं मिश्रण आणखी पातळ करा आणि शॉटआधी नळी टोकापर्यंत भरा. आत हवा राहिली तर आधी ‘फुस्स’ आणि मग रक्त. (ते बघून सेटवर सगळे हसले तर तो टेक पुसू नका.) मे महिन्यात गच्चीवर शूट असेल तर दहा-पंधरा मिनिटांत त्याची चिक्की होते, पाण्याचा फवारा हाताशी ठेवा. रात्री फरशी गरम पाण्याने पुसून घ्या. सकाळी मुंग्या येतात, मागून वॉर्डन.

एवढी खटपट नको असेल तर कृष्णधवल शूट करा. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) रक्त म्हणून चॉकलेट सिरप वाहिलं होतं.

प्रश्न : राक्षसाचा मुखवटा घरी करायचा आहे. लेटेक्स परवडत नाही. (महाल)

उत्तर : महालात राहून हा प्रश्न! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीत मारबत आणि बडगे हे मोठाले पुतळे निघतात ते नीट बघा. बांबू, कागद आणि ठसठशीत रंग एवढ्यावर भीती आणि टिंगल दोन्ही एकदम निघतात. बडग्याचे डोळे लांबून दिसावेत म्हणून मोठे केलेले असतात, मोबाईलच्या पडद्यालाही तेच लागतं. एक वाटी मैदा आणि चार वाट्या पाणी शिजवून लई करा. बुकबाइंडर तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट, विषारी) घालतात. तुमचा मुखवटा तोंडाला लागणार, तेव्हा तुम्ही घालू नका. शाडूच्या साच्यावर प्लास्टिक ताणून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर द्या. प्रत्येक थर पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात वरचा भाग आधी आकसतो आणि मुखवटा वाकडा होतो. पावसाळ्यात घाई केलीत तर आतून बुरशी. पीटर जॅक्सनने ‘बॅड टेस्ट’चे (१९८७) मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले होते, पण ते लेटेक्सचे, कागद ओव्हनमध्ये घालू नका.

प्रश्न : भूत नागपुरी बोललं तर चालेल का, की भीतीच जाईल? (मानेवाडा)

उत्तर : चालेल, फक्त नटाला बोलीची गंमत करू देऊ नका. सुनसान रस्ता, मागून आवाज : “काहून बे, इतक्या रात्री कुठी जाऊन राहिला?” शेजारचे काका विचारतील त्याच सुरात, थोडी काळजी असलेलं. त्यानंतर दोन सेकंद पूर्ण शांतता, पार्श्वसंगीतही नाही. मग वळणाऱ्याचा चेहरा दाखवा. भुताचा दाखवला तर हसू तिथेच संपतं.